मानसिक आजार असलेल्या बेघर माणसाला घर मिळवून द्यायचं तर काय काय करावं लागतं

स्टेशनबाहेर, देवळाच्या पायऱ्यांवर, हायवेच्या कडेला मळक्या कपड्यात स्वतःशीच बोलत बसलेलं माणूस आपण सगळ्यांनी बघितलंय. बऱ्याच जणांना वाटतं याला कोणीतरी उचलून हॉस्पिटलात नेलं की झालं काम. तसं नाहीये. औषधं नीट चालू झाली की काही आठवड्यांत, महिन्यांत माणूस बराच सावरतो, नाव सांगतो, अंघोळ करतो, पण डिस्चार्जच्या दिवशी जायचं कुठे हा प्रश्न तसाच उभा असतो. मग एकतर तो वर्षानुवर्षं वॉर्डातच पडून राहतो नाहीतर पुन्हा त्याच फुटपाथवर, गोळ्या बंद, झोप गेली, सगळं पहिल्यापासून. म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे, की घर हा उपचारांनंतर मिळणारा बोनस नाही, घर हाच उपचाराचा भाग आहे, आणि नुसत्या चार भिंती नाही तर त्या घरात येऊन जाऊन लक्ष ठेवणारं माणूसही पाहिजे.

हे होऊ शकतं याचा पुरावा आपल्याच देशात आहे. चेन्नईच्या द बॅनियन संस्थेने २०१५ च्या सुमारास 'होम अगेन' सुरू केलं. वर्षानुवर्षं संस्थेत किंवा हॉस्पिटलात राहिलेल्या बायकांना चार-पाच जणींच्या गटाने साध्या वस्तीत साध्या भाड्याच्या घरात राहायला न्यायचं, सोबत गरजेप्रमाणे मदतनीस, औषधं आणि फॉलोअप चालू. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने समाजात राहून मिळणाऱ्या मानसिक आरोग्यसेवांबद्दल मार्गदर्शिका काढली त्यात या कामाची दखल आहे. आणि हे फक्त चेन्नईत नाही, केरळ-आसामसोबत आपल्या रत्नागिरीतही ते पोचलंय. तेव्हा 'हे आपल्याकडे नाही जमणार' हे आधी डोक्यातून काढा.

आता पायऱ्या. महाराष्ट्र धरून लिहितोय, कारण कायदा देशभर एकच असला तरी योजना नि ऑफिसं राज्याप्रमाणे बदलतात.

रस्त्यावर दिसल्यावर

घाई करायची नाही. गर्दी जमवायची नाही, मोबाइल काढून व्हिडिओ तर अजिबात नाही. थोड्या अंतरावर, शक्य असेल तर खाली बसून बोला, पाणी द्या, पार्ले-जी नाहीतर वडापाव द्या, हातात घेतला नाही तर शेजारी ठेवून द्या. उभं राहून वरून बोललं की माणूस घाबरतो. पहिल्या दिवशी काहीच बोलणं झालं नाही तरी चालतं, रोज त्याच वेळी तेच माणूस दिसलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी बहुतेक वेळा नाव तरी कळतं.

पण एक गोष्ट त्याच क्षणी बघायची. ताप आहे का, डोक्याला मार आहे का, पायाच्या जखमेत अळ्या झाल्यात का, अचानक बरळायला लागलाय का, शुद्ध येते-जाते असं होतंय का. शुगर एकदम खाली जाणं, मेंदूत संसर्ग, डोक्याला मार, अचानक दारू तुटणं यातही माणूस 'वेड्यासारखा' वागतो, आणि ते मानसोपचाराचं नाही, सरळ इमर्जन्सीचं काम आहे. अशा वेळी १०८ ला फोन.

तशी इमर्जन्सी नसेल तर पोलीस. हो, पोलीसच. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम १००. पोलीस स्टेशनच्या हद्दीत कोणी भटकताना दिसलं, मानसिक आजार असावा असं वाटलं आणि ते स्वतःची काळजी घेऊ शकत नसेल तर त्याला संरक्षणात घेणं हे ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे, उपकार नाहीत. २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत तपासणीला न्यायचं. लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे बहुतेक ठिकाणी राहून जातं, बेघर सापडलेल्या व्यक्तीची मिसिंगची एफआयआर करायची आणि घरच्यांचा शोध घ्यायचा हेही त्याच कलमात पोलिसांवर टाकलंय. कलमाची मराठी प्रिंट खिशात ठेवा. ठाण्यात आवाज चढवून काही होत नाही, शांतपणे 'साहेब, कलम १०० मध्ये हे आहे, मी सोबत येतो, गाडीची सोय करतो' असं म्हटलं की कामं होतात. एक जण तरी हॉस्पिटलपर्यंत सोबत जा, कारण अ‍ॅडमिशनच्या टेबलावर 'नातेवाईक कोण' हा प्रश्न येतोच. पोलीस टाळाटाळ करत असतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, कोर्टाच्या आवारातच ऑफिस असतं, मदत फुकट असते.

हॉस्पिटलमध्ये

महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, पण प्रत्येकाला तिथेच न्यायचं असं नाही. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम असते, मेडिकल कॉलेजात मानसोपचार विभाग असतो. बेघर व्यक्तीला सरकारी ठिकाणी उपचार मोफत आहेत, दारिद्र्यरेषेचं कार्ड असो नसो, त्याच कायद्याच्या कलम १८ मध्ये तसं लिहिलंय. त्यामुळे 'रेशनकार्ड आणा' म्हणून कोणी परत पाठवत असेल तर अडून बसा.

अ‍ॅडमिट झाल्यावर तीन गोष्टींकडे लक्ष ठेवा. पहिलं, शरीराची पूर्ण तपासणी: हिमोग्लोबिन, शुगर, टीबी, त्वचा, दात. रस्त्यावर राहिलेल्या माणसाला टीबी नि खरूज फार कॉमन, आणि मानसिक आजाराच्या शिक्क्याखाली ते दबून जातं. बाई असेल तर गरोदरपणाची तपासणी, तिला सांगून, तिच्या परवानगीने, आडोशाला. रस्त्यावर तिच्यावर काय काय गुदरलंय हे आपल्याला माहीत नसतं, ते तिने सांगितलं तरच ऐकायचं आणि कायदेशीर मदतीसाठी सखी केंद्राला, म्हणजे अत्याचार झालेल्या बायकांसाठीच्या सरकारी मदत केंद्राला कळवायचं. दुसरं, तिच्यासोबत तीन वर्षांखालचं मूल असेल तर साधारणपणे आई-मुलाला वेगळं करायचं नाही, कलम २१ आहे यासाठी. तिसरं, नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या निर्णयांत पेशंटला साथ देणारं माणूस. पेशंटला आपल्या विश्वासातलं कोणीही सज्ञान माणूस लेखी नेमता येतं, रक्ताचं नातं लागत नाही. कोणीच नसेल तर समाजकल्याण खात्याकडे ती जबाबदारी जाते. तुम्ही रोज भेटत असाल आणि त्याची इच्छा असेल तर तुमचं नाव लागू शकतं, मग डॉक्टर तुमच्याशी बोलतात, डिस्चार्जचं तुम्हाला कळतं.

घर शोधणं, आणि पाठवायचं की नाही हे ठरवणं

माणूस सावरला की पत्त्याच्या चौकशा सुरू होतात. जिल्हा कोणता असं विचारलं तर बऱ्याच जणांना सांगता येत नाही. त्यापेक्षा गावचा बाजार कोणत्या वारी भरतो, जवळचं स्टेशन कोणतं, जत्रा कोणाची, नदी ओलांडून जावं लागतं का, शेतात काय पेरता, असं विचारा. बोली ऐका. बंगाल, बिहार, यूपी, तेलंगणातली माणसं नुसती ट्रेनमध्ये बसून आपल्याकडे येऊन पोचलेली असतात, तेव्हा त्या भाषेचं कोणीतरी बोलवा, दोन मिनिटांत चेहरा बदलतो. आधार काढायला गेल्यावर बोटांचे ठसे जुळून जुनं आधार निघालं आणि त्यावरून घर सापडलं असंही झालेलं आहे. कर्जतच्या श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशनने, म्हणजे डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानींच्या संस्थेने, हे घरी पोचवायचं काम हजारो माणसांसाठी केलंय, डॉ. भरत वाटवानींना २०१८ चा मॅगसेसे त्याच कामासाठी मिळाला. तुमच्या भागात अनुभव नसेल तर अशा संस्थेशी बोला.

पण घर सापडलं म्हणजे पाठवायचंच असं नाही हो. आधी फोनवर नाही तर प्रत्यक्ष जाऊन बघा. ती बाई घरातून का निघाली होती? मारहाण होती का, जमिनीचा वाद होता का, नवऱ्याने दुसरं लग्न केलंय का, गोळ्या कोण देणार, जवळच्या तालुक्याला त्या मिळतात का? आणि तिला विचारा, एकटीला, नातेवाईक समोर नसताना. ती नको म्हणाली तर नको. कलम १९ म्हणतं की समाजात राहायचा हक्क तिचा आहे, आणि कुटुंबासोबत राहणं शक्य नसेल किंवा कुटुंबाने सोडून दिलं असेल तर सरकारने मदत करायची, हाफवे होम, ग्रुप होम यांसारख्या सोयी उभ्या करायच्या.

डिस्चार्जच्या आधी ठरवायचं

डिस्चार्जचं प्लॅनिंग कलम ९८ प्रमाणे हॉस्पिटलला करावंच लागतं, त्यात पेशंट, प्रतिनिधी नि पुढे काळजी घेणारे यांचं म्हणणं घ्यावं लागतं. तेव्हा शेवटच्या दिवशी कागद हातात यायची वाट बघू नका, सोशल वर्करला दोन आठवडे आधी भेटा.

जागेचे प्रकार असे. कुटुंबात परत, हा पहिला. दुसरा हाफवे होम, काही महिने राहून स्वयंपाक, पैसे, प्रवास पुन्हा शिकायचं ठिकाण. तिसरा ग्रुप होम, म्हणजे वर सांगितलं तसं चार-पाच जणांचं कायमचं घर, आणि माझ्या मते कुटुंब नसलेल्या बहुतेकांसाठी हाच सगळ्यात चांगला. चौथा दीर्घकाळ सांभाळणाऱ्या सेवाभावी संस्था. अहिल्यानगरजवळ डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांचं माऊली सेवा प्रतिष्ठान आहे, तिथे अशा बायका नि त्यांची मुलंही राहतात. बुलढाणा जिल्ह्यात पळसखेड सपकाळला सेवा संकल्प आहे. ही मंडळी अफाट काम करतात, पण तिथल्या जागा भरलेल्या असतात आणि सगळ्या महाराष्ट्राने आपली माणसं त्यांच्या दारात नेऊन सोडायची हे बरोबर नाही.

पाचवं म्हणजे महापालिकेचं शहरी बेघर निवारा केंद्र. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या नियमांत एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांची सोय आणि माणशी ५० चौरस फूट असं होतं, कुटुंबांसाठी नि विशेष गरजांसाठी वेगळे निवारे करायचंही त्यात होतं. तात्पुरतं म्हणून ठीक. पण ५० जणांच्या हॉलमध्ये, रात्री कुणी खोकतंय कुणी भांडतंय, तिथे नुकत्या सावरलेल्या माणसाची झोप मोडते आणि झोप मोडली की आजार उलटायला वेळ लागत नाही. आणि वृद्धाश्रम किंवा भिक्षेकरीगृहात 'शिफ्ट' करायचं कोणी सुचवलं तर साफ नाही म्हणा. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने महाराष्ट्राला नेमकं याच गोष्टीवरून सुनावलंय.

कागदपत्रं

हे कंटाळवाणं आहे पण याच्याशिवाय घर टिकत नाही. क्रम असा ठेवा: आधार, बँक खातं, दिव्यांग प्रमाणपत्र, मग पेन्शन नि रेशन. आधारसाठी पत्त्याचा पुरावा नसेल तर मान्यताप्राप्त निवारागृहाच्या प्रमुखाचं ठरलेल्या नमुन्यातलं पत्र चालतं. बँकेत जनधन खातं त्याच्या स्वतःच्या नावावर काढा. मानसिक आजार आहे म्हणून खातं उघडता येत नाही असा कायदा नाही, उलट २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आर्थिक व्यवहार स्वतः करायचा हक्क दिलाय.

दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या देशभर चालणाऱ्या ओळखपत्रासाठी, जिल्हा रुग्णालय. मानसिक आजारात स्वतःची काळजी, नातेसंबंध, बोलणं-समजणं, काम आणि आजार किती वर्षं आहे यावरून टक्के ठरतात, ४० टक्के किंवा वर असेल तर योजना लागू होतात. त्या दिवशी माणूस स्वच्छ कपड्यात हसून बोलला की कमी टक्के पडतात, म्हणून सगळी जुनी केसपेपरं नि 'एरवी काय काय जमत नाही' हे लिहिलेलं एक पान सोबत न्या. निरामय विम्याच्या मागे लागू नका, तो स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे, नुसत्या मानसिक आजारासाठी नाही, यात लोकांचे महिने जातात.

मग संजय गांधी निराधार अनुदान योजना, तहसील ऑफिस किंवा सेतूमधून. महिन्याला १५०० होते, दिव्यांगांसाठी २५०० करायचा निर्णय २०२५ मध्ये झाला. अडचण येते ती १५ वर्षं महाराष्ट्रात राहिल्याच्या दाखल्याची. हॉस्पिटलचे जुने केसपेपर, शाळेचा दाखला, गावच्या सरपंचाचं पत्र, जे मिळेल ते आधीपासून एका फाइलमध्ये जमा करत चला.

आता घर

स्वस्त म्हणून गावाबाहेर घेऊ नका. बाजार, बसस्टॉप, सरकारी दवाखाना चालत जाता येईल एवढ्यावर पाहिजे. तळमजला किंवा पहिला मजला, दोन खोल्या नि स्वयंपाकघर, संडास घरातच. चार किंवा पाच जण, जास्त नाही. आठ झाले की ते घर राहत नाही, हॉस्टेल होतं. कोण कोणाबरोबर राहणार हे त्यांनाच ठरवू द्या, हॉस्पिटलात ज्या दोघी एकमेकींची वेणी घालतात त्यांना एकत्र ठेवा.

करार ११ महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स, घर चालवणाऱ्या संस्थेच्या नावावर, राहणाऱ्यांची नावं आत लिहून, आणि रजिस्टर केलेलाच. आपल्याकडे नोंदणी सक्तीची आहे. पोलीस व्हेरिफिकेशनही करून टाका. घरमालकाला काय सांगायचं? खरं सांगायचं, पण कोणाला कोणता आजार आहे हे नाही, ती त्या माणसाची खाजगी गोष्ट आहे. 'पाच बायका राहतील, भाडं संस्था भरेल, आमची एक ताई सोबत असते, काही वाटलं तर हा नंबर, रात्रीसुद्धा उचलू' एवढं पुरतं. शेजाऱ्यांचंही तसंच. राहायला गेल्यावर आठवड्याभरात सगळ्यांनी मिळून शिरा नाहीतर पोहे करून मजल्यावर द्यायचे, भाषणापेक्षा त्याने जास्त काम होतं.

एक सावधगिरी. कुटुंबीय किंवा मित्रांसोबतचं साधं घर 'मानसिक आरोग्य आस्थापना' धरलं जात नाही, पण तुम्ही उपचार-पुनर्वसनासाठी लोकांना ठेवताय असं स्वरूप झालं तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी लागू शकते. सुरू करायच्या आधीच प्राधिकरणाला लेखी विचारून घ्या आणि उत्तर फाइलला लावा.

सोबतीला राहणारी ताई नर्सच हवी असं नाही. वस्तीतलीच, शांत स्वभावाची, स्वयंपाक येणारी बाई उत्तम. तिला शिकवायचं ते हे: गोळ्यांच्या वेळा, उलटण्याची लक्षणं, चिडलेल्या माणसाशी कसं बोलायचं, आणि सगळं आपण करून टाकायचं नाही. भाजी त्यांनी चिरायची, थोडी जाडी-बारीक झाली तरी चालेल. तिला आठवड्याची सुट्टी नि वेळेवर पगार द्या, कारण ती दमून सोडून गेली की पूर्ण घर हलतं.

पहिले तीन महिने

हे सगळ्यात नाजूक. अशा घरात राहायला आलेल्या एक बाई होत्या, त्या रोज रात्री दोन चपात्या ओढणीत गुंडाळून उशीखाली ठेवायच्या, मुंग्या यायच्या, बाकीच्या कुरकुरायच्या. मदतनीस बाईने रागावणं सोडून त्यांना झाकणाचा एक डबा दिला आणि 'हा तुमचा, यात रात्रीचं ठेवा' म्हणाल्या. हळूहळू डबा रिकामा राहायला लागला. रस्त्यावर उद्याच्या जेवणाची खात्री नसते, ती सवय घर मिळालं म्हणून लगेच जात नाही. काही जण पलंग सोडून दाराजवळ जमिनीवर झोपतात, काही जण चप्पल घालूनच झोपतात. असू द्या.

औषधांचं मात्र काटेकोर पाहिजे. जिल्हा रुग्णालयातून महिन्याच्या गोळ्या मोफत मिळतात, संपायच्या आठवडाभर आधी जाऊन आणा कारण कधीकधी स्टॉक नसतो. रोज गोळ्या घ्यायला त्रास होत असेल तर दोन-चार आठवड्यांतून एकदा घ्यायचं इंजेक्शन असतं, डॉक्टरांना विचारा. क्लोझापिन नावाची गोळी चालू असेल तर रक्त तपासणी चुकवायची नाही, सुरुवातीला ती दर आठवड्याला लागते. लिथियमच्या गोळ्यांवर असलेल्यांना उन्हाळ्यात भरपूर पाणी प्यायला लावा, जुलाब-उलट्या लागल्या तर त्याच दिवशी डॉक्टर. हात थरथरणं, लाळ गळणं, वजन वाढणं हे साइड इफेक्ट आहेत, नाटक नाही, ते सांगितलं तर डोस बदलता येतो. न सांगता माणूस गोळी गुपचूप टाकून देतो आणि मग आपल्याला वाटतं औषध लागू पडत नाही.

पेन्शनचे पैसे त्यांच्या हातात जाऊ द्या. भाड्यात थोडा वाटा घ्यायचा ठरवलात तर सगळ्यांसमोर, वहीत लिहून. उरलेल्यात कोणी विडी आणेल, कोणी बांगड्या आणेल. कामाची घाई करू नका, पण कोणी स्वतःहून म्हणालं की काम बघते तर अडवूही नका, अर्धवेळ पोळ्या लाटायचं, नर्सरीत रोपांचं, काहीही.

आई आणि मुलं असतील तर

बेघर कुटुंबात आईला आजार असेल तर सगळ्यांचा पहिला विचार मुलांना संस्थेत टाकायचा असतो. मुलांना खरंच धोका असेल तर बालकल्याण समितीकडे जावंच लागतं, १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे. पण नुसतं आई आजारी म्हणून तोडू नका. आईसोबतच घर द्या आणि मुलांचा भार दुसऱ्या मोठ्या माणसाबरोबर वाटून घ्या. अंगणवाडीत नाव घाला, शाळेत घाला, वयाचा दाखला नाही म्हणून शिक्षण हक्क कायद्याने प्रवेश नाकारता येत नाही. बालसंगोपन योजनेत महिन्याला २२५० रुपये मिळू शकतात, जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात अर्ज करा, पालकाच्या गंभीर आजाराचे कागद जोडा. आणि मुलाला त्याच्या वयाला समजेल असं सांगा की आईला आजार आहे, तो तुझ्यामुळे झालेला नाही, आणि ती जास्त आजारी वाटली तर या ताईला सांगायचं. आईला सांभाळायची जबाबदारी त्याच्यावर नको.

उलटलं तर, निघून गेलं तर

होतं असं. आधी झोप जाते, मग जेवण, मग अंघोळ, मग शेजारी आपल्याबद्दल बोलतात असं वाटायला लागतं. प्रत्येकाची लक्षणं वेगळी असतात, ती बरं असतानाच त्यांच्याकडून लिहून घ्या, आणि तेव्हाच कायद्यातलं आगाऊ निर्देशपत्रही करून ठेवा, म्हणजे पुढे तब्येत बिघडली तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत हे त्यांच्या शब्दांत राहतं. दोन रात्री झोप नाही म्हटलं की ओपीडी, वाट बघायची नाही. रात्री-अपरात्री बोलायला टेलिमानस १४४१६ आहे, मराठीत बोलतात, मदतनीस बाईनेही फोन करायला हरकत नाही. अ‍ॅडमिट करावं लागलं तर भाडं चालू ठेवा, त्यांची कॉट, कपड्यांची पेटी तिथेच ठेवा आणि त्यांना तसं सांगा. जागा दुसऱ्याला दिली की पुढच्या वेळी कोणी लक्षणं सांगणारच नाही.

निघून गेलं तर त्याच दिवशी मिसिंग नोंदवा, अलीकडचा फोटो पोलिसांकडे द्या, सोशल मीडियावर आजाराचं नाव घालून टाकू नका. पहिल्यांदा जिथे सापडले होते तिथे आधी जाऊन बघा, बरेच जण तिथेच जातात. सापडले की 'का गेलात' हा प्रश्न राहू द्या, जेवायला घाला, औषध किती दिवस चुकलं ते डॉक्टरांना कळवा, कारण काही गोळ्या खंड पडल्यावर पूर्ण डोसने परत सुरू करता येत नाहीत.